पंसुकूल, केसा आणि बोरो : जपानी ठिगळवस्त्रे व उत्स्फूर्त गोधडीकला

वस्त्राचे लहानमोठे तुकडे जोडणे, त्यांना अस्तर लावणे आणि धावदोऱ्याने सर्व थर एकत्र शिवणे ही कला जगातील अनेक देशांत आढळते. आपल्याकडे तिला गोधडी किंवा वाकळ म्हणतात. पाश्चात्त्य देशांत ती 'क्विल्ट' या नावाने ओळखली जाते. गेल्या काही दशकांत या कलेत एक स्वतंत्र पद्धती रूढ झाली आहे. या पद्धतीत आराखडा आधी काढीत नाहीत. हाती आलेला तुकडा पाहून त्याच्या शेजारी कोणता तुकडा शोभेल हे शिवता शिवता ठरविले जाते. मराठीत तिला 'उत्स्फूर्त गोधडीकला' म्हणता येईल. या पद्धतीने काम करणाऱ्या अनेक कलावंतांनी जपानी कापड व जपानी रचनादृष्टी यांपासून प्रेरणा घेतली आहे.

जपानच्या ठिगळवस्त्रांचा मागोवा घेतला असता त्यांत दोन धारा स्पष्ट दिसतात. एक धारा विहारातून आलेली असून तिचा उगम विनयपिटकातील चीवरात आहे. दुसरी धारा थंडीने व दारिद्र्याने गांजलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतून आली आहे. पहिली स्वेच्छेने स्वीकारलेली आहे, तर दुसरी परिस्थितीने लादलेली. दोन्ही वस्त्रे शेजारी शेजारी ठेवली तर दिसण्यात त्यांचे बरेच साम्य आढळते. परंतु त्यांचा अर्थ एक नाही. हा भेद समजून घेणे बौद्ध वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. या दोन धारांचा परिचय करून देणे आणि त्यांच्यातील भेद दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चीवर आणि मगधाचे शेत

विनयपिटकाच्या महावग्गात 'चीवरक्खन्धक' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरंभीच्या काळात भिक्खू पंसुकूल चीवर वापरीत. 'पंसु' म्हणजे धूळ. स्मशानात, रस्त्यावर, उकिरड्यावर पडलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, जोडून, रंगवून केलेले वस्त्र ते पंसुकूल. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात पंसुकूलाचे २३ प्रकार सांगितले आहेत. त्यांत स्मशानातील वस्त्र, दुकानासमोर टाकलेले वस्त्र, अग्नीने जळलेले, गायीने चघळलेले, वाळवीने किंवा उंदराने खाल्लेले, वाऱ्याने उडून आलेले आणि समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावर आणलेले वस्त्र यांचाही समावेश होतो. कोणतीही चिंधी निरुपयोगी नाही, हे या यादीवरून सहज ध्यानात येते.

पुढे एका प्रसंगी भगवान बुद्ध दक्खिणागिरीकडे जात असता त्यांनी मगधातील शेते पाहिली. लांब पट्टे, आडवे बांध, मध्ये छेदणाऱ्या वाटा अशी त्या शेतांची रचना होती. भिक्खूंची चीवरे या शेतांप्रमाणे करता येतील काय, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तशी चीवरे तयार केली आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. या चीवराच्या भागांना कुसि, अड्ढकुसि, मण्डल, अड्ढमण्डल अशी नावे आहेत. कापड कापून जोडल्यामुळे ते श्रमणांना योग्य ठरते आणि चोराला त्याचा मोह होत नाही, असे कारणही तेथेच दिले आहे. अखंड वस्त्राला बाजारात किंमत होती. कापलेल्या वस्त्राची किंमत उतरत असे. येथे शिवणकामाच्या आराखड्यामागे नीतिविचार आहे.

वस्त्राचा शेवटपर्यंत उपयोग कसा करावा याचेही उदाहरण विनयात आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदाला ५०० वस्त्रे दान केली. एवढ्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार, दुकान मांडणार काय, असा संशय राजाला आला. आनंदाने उत्तर दिले की, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे काय, असे राजा विचारीत गेला. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतात, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरील अंथरुणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी होतात. आणि शेवटी ती फडकी कुटून, चिखलात मळून जमीन लिंपली जाते. राजा संतुष्ट झाला व त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. चुल्लवग्गातील हा संवाद म्हणजे वस्त्राच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेबच होय.

तोदाइजी विहारातील केसा

'काषाय' या शब्दाचे चिनी भाषेतून जपानीत आलेले रूप म्हणजे 'केसा'. जपानी भिक्षूंचे हे वस्त्र ५, ७ किंवा ९ ते २५ पर्यंतच्या विषम संख्येच्या पट्ट्यांचे असते आणि प्रत्येक पट्टा लांब व आखूड तुकड्यांनी बनतो. मगधाच्या शेताचा आराखडा अशा रीतीने चीन व कोरियामार्गे जपानपर्यंत पोहोचला. पंसुकूलाला जपानीत 'फुन्झोए' म्हणतात.

इ. स. ७५६ मध्ये सम्राट शोमु याच्या निधनानंतर सम्राज्ञी कोम्यो हिने त्याच्या वस्तू नारा येथील तोदाइजी विहाराच्या महाबुद्धाला अर्पण केल्या. त्या वस्तू शोसोइन या भांडारात आजही सुरक्षित आहेत. दानाच्या यादीत प्रारंभीच ९ केसांची नोंद आहे. राजवैभवाच्या वस्तूंपूर्वी चीवराला स्थान मिळावे ही गोष्ट लक्षणीय आहे. यांतील काही केसांना 'वृक्षाच्या सालीच्या रंगाचे' असे म्हटले आहे. त्यांत निरनिराळ्या रंगांच्या रेशमाचे वेडेवाकडे तुकडे एकावर एक ठेवून दाट धावदोऱ्याने शिवलेले आहेत. दुरून पाहता खरोखरच झाडाच्या सालीचा भास होतो.

या केसांची रचना बारकाईने पाहावी. बाहेरची चौकट नियमाने बांधलेली आहे. पट्टे किती असावेत, कडा कशी असावी हे विनयपरंपरेने ठरविले आहे. मात्र पट्ट्याच्या आत तुकड्याचा आकार, त्याची जागा, त्याचा शेजार यांबाबत शिवणाऱ्याला पूर्ण मोकळीक आहे. नियम आणि स्वातंत्र्य एकाच वस्त्रात नांदतात. ज्याला आज उत्स्फूर्त रचना म्हणतात तिचे बाराशे वर्षांहून अधिक जुने असे हे उदाहरण आहे. अर्थात हे तुकडे सम्राटासाठी शिवलेल्या रेशमाचे होते, उकिरड्यावरून वेचलेले नव्हते. पंसुकूलाचा आदर येथे त्याच्या रूपाचे अनुकरण करून व्यक्त झाला आहे. पुढील काळातही श्रीमंत दात्यांनी दिलेल्या भरजरी पोशाखांचे तुकडे करून केसा शिवल्याची पुष्कळ उदाहरणे जपानमध्ये आहेत.

रेशीम की सूत, या वादावर जपानी सोतो पंथाचा प्रवर्तक आचार्य दोगेन (१२००–१२५३) याने मार्मिक उत्तर दिले आहे. 'शोबोगेन्झो' या त्याच्या ग्रंथातील 'केसा कुदोकु' हे प्रवचन इ. स. १२४० चे आहे. त्यात तो सांगतो की, केरातून उचललेले कापड रेशमासारखे असेल किंवा तागासारखे असेल. परंतु एकदा ते उचलले की त्याला रेशीम म्हणू नये आणि तागही म्हणू नये, पंसुकूल एवढेच म्हणावे. हा विचार आपल्याला अपरिचित नाही. नद्या महासागराला मिळाल्या की आपली पूर्वीची नावे टाकतात, त्याप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आले की पूर्वीचे नाव व गोत्र टाकतात, हा तथागतांचा दृष्टान्त अंगुत्तर निकायात आहे. माणसाच्या जन्माला जे लागू केले तेच दोगेनने कापडाच्या जन्माला लागू केले.

जपानमध्ये केसाला 'फुकुदेनए' असेही म्हणतात. त्याचा अर्थ पुण्यक्षेत्राचे वस्त्र असा होतो. शेताची प्रतिमा नावातही टिकून आहे. भिक्षू व उपासक एकत्र बसून केसा शिवतात अशी मंडळे तेथे आहेत. त्यांत बखया, म्हणजे सुई एक पाऊल मागे घेऊन घातलेला बारीक टाका, वापरतात. या टाक्याने शिवण पक्की होते आणि शिवणाऱ्याचा वेग आपोआप मंदावतो.

उत्तरेकडील बोरो

आता दुसऱ्या धारेकडे वळू. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी हा प्रदेश आहे. तेथे हिवाळ्यात प्रचंड हिमवर्षाव होतो आणि थंडीमुळे कापूस पिकत नाही. शेतकरी तागासारख्या अंबाडीवर्गीय धाग्याचे विरळ कापड विणीत. भरीस भर म्हणून त्सुगारु येथील सरंजामी राजवटीने इ. स. १७२४ मध्ये काटकसरीचा हुकूम काढून शेतकऱ्यांना सुती वस्त्रे वापरण्यास मनाई केली. थंडीपासून बचाव करण्यासाठी स्त्रियांनी त्या विरळ कापडावर धाग्याचे टाके दाट घालण्यास प्रारंभ केला. त्यातून 'कोगिन' ही शिवणकला जन्मली. निळीत रंगविलेल्या कापडावर पांढऱ्या सुताने, ताण्याचे धागे १, ३, ५, ७ असे विषम संख्येने मोजून, चौकटीसारखी सुंदर नक्षी त्या उमटवीत. मनाईच्या चौकटीत राहून ऊब आणि सौंदर्य दोन्ही साधण्याचा तो मार्ग होता.

ओसाकाकडून जपानच्या समुद्रमार्गे येणारी व्यापारी जहाजे जुन्या सुती कापडाच्या चिंध्या उत्तरेकडे आणीत. त्या चिंध्या विकत घेऊन स्त्रिया कपड्यांना व पांघरुणांना ठिगळे लावीत. एका ठिगळावर दुसरे, त्यावर तिसरे, अशी पिढ्यान्‌पिढ्या भर पडत जाई. अशा वस्त्राला 'बोरो' म्हणतात; शब्दाचा अर्थ चिंध्या, लक्तरे असाच आहे. 'दोन्जा' नावाचे जाड पांघरूण अंगात घालून कुटुंबातील माणसे एकमेकांना बिलगून झोपत. 'बोदोको' नावाचे ठिगळांचे अंथरूण बाळंतिणीखाली घालीत. नव्या जीवाचा पहिला स्पर्श पूर्वजांच्या जुन्या वस्त्रांना होत असे. ही ठिगळे लावताना कोणी आराखडा काढला नाही. भोक जेथे पडले तेथे ठिगळ बसले आणि घरात जो तुकडा होता तोच वापरला गेला. तरीही निळ्या रंगाच्या असंख्य छटांनी बनलेली ही वस्त्रे पाहणाऱ्याला थक्क करतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्थिती सुधारली तशी लोकांना बोरोची लाज वाटू लागली. ही वस्त्रे जाळली गेली, फेकली गेली. त्या काळात चुझाबुरो तानाका (१९३३–२०१३) या संग्राहकाने आओमोरीच्या खेड्यापाड्यांतून फिरून ती जमविली आणि त्यांच्या वापराची माहिती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून टिपून घेतली. त्याच्या संग्रहातील बोरो वस्त्रे २००९ ते २०१९ या काळात टोकियोच्या आसाकुसा भागातील एका संग्रहालयात मांडलेली होती. ज्या वस्त्राची घरच्या माणसांना लाज वाटत होती, ते आता पुराणवस्तूंच्या बाजारात मोठ्या किमतीला विकले जाते आणि उंची पोशाख तयार करणारे त्याची नक्कल करतात.

या दोन धारांना जोडणारी एक सुंदर प्रथाही उल्लेखनीय आहे. कानाझावा परिसरात मूल जगावे, निरोगी राहावे म्हणून शंभर घरांतून कापडाचे तुकडे मागून आणीत व त्यांचा लहान किमोनो शिवीत. त्याला 'शंभर पुण्यांचे वस्त्र' अशा अर्थाचे नाव आहे. असे अनेक किमोनो कानाझावाच्या शिन्जोजी या विहारात अर्पण केलेले आहेत. तेथील आराध्य किशिमोजिन म्हणजे आपली हारिती होय. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पांचिकासह असलेली हारितीची मूर्ती महाराष्ट्रातील वाचकांनी पाहिली असेल. मागून आणलेल्या चिंध्या येथे दैन्याची खूण न राहता शंभर घरांच्या मैत्रीची खूण ठरल्या.

आजचे कलावंत काय घेतात

जपानी परंपरेतून आजची गोधडीकला प्रामुख्याने तीन गोष्टी घेते. पहिली गोष्ट कापड. जपानी किमोनोचे कापड सुमारे ३६ सेंटिमीटर रुंदीच्या अरुंद ठाणात विणले जाते आणि सरळ रेषेतच कापले जाते. त्यामुळे किमोनो उसवला की जवळजवळ सर्व कापड आयताकार तुकड्यांच्या रूपाने परत मिळते. निळीत रंगविलेले सुती कापड, आधी बांधून रंगविलेल्या सुताचे 'कासुरी', आपल्या बांधणीसारखे 'शिबोरी', तांदळाची खळ लावून छापलेले कापड असे विविध तुकडे कलावंत वापरतात.

दुसरी गोष्ट टाका. 'साशिको' म्हणजे मूलतः कापडाचे थर घट्ट करणारा साधा धावदोरा. त्यातून अंबाडीचे पान, समुद्राच्या लाटा, एकमेकांत गुंतलेली वर्तुळे अशा आकृती निर्माण झाल्या. गुंतलेल्या वर्तुळांच्या नक्षीला 'शिप्पो' म्हणतात. बौद्ध ग्रंथांतील सप्तरत्नांवरून हे नाव आले आहे.

तिसरी गोष्ट रचनादृष्टी. जपानी कलेत दोन्ही बाजू सारख्या करण्याचा आग्रह नसतो. मोकळ्या जागेला 'मा' असे नाव असून तिला आकाराइतकेच महत्त्व दिले जाते. दुरुस्ती लपविली जात नाही.

उत्स्फूर्त पद्धतीने काम करणारी व्यक्ती प्रथम तुकडे पसरून त्यांच्या गडद व फिक्या छटा वेगळ्या करते. पट्टीचा आधार न घेता कात्रीने कापते; त्यामुळे कडा किंचित तिरप्या येतात. दोन तुकडे जोडल्यावर तिसरा निवडते. लहान गट तयार झाले की ते भिंतीवर टाचून दुरून पाहते आणि त्यांच्या जागा बदलते. कमी पडले तर पट्टी जोडते, जास्त झाले तर कापते. शेवटी पृष्ठभाग, मधला थर व अस्तर असे तीन थर एकत्र शिवले जातात. बहुधा आरंभी एखादी मर्यादा स्वतःच घालून घेतली जाते. उदाहरणार्थ, फक्त निळे कापड किंवा फक्त जुन्या पोशाखांचे तुकडे. शोसोइनमधील केसांत दिसणारे चौकट आणि मोकळीक यांचे नाते येथे पुन्हा आढळते.

या कलेचा आणखी एक उगम अमेरिकेत आहे. आलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीत गुलामांच्या वंशजांतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावरच्या झिजलेल्या कपड्यांतून अशाच मुक्त रचनेच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली ह्यूस्टन येथील ललितकला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. आओमोरीची शेतकरीण आणि जीज बेंडची स्त्री यांची एकमेकींशी ओळख नव्हती. अभावाने दोघींनाही एकाच वाटेवर आणले होते.

निवड आणि सक्ती

येथे मूळ प्रश्नाकडे येणे आवश्यक आहे. फाटके वस्त्र पवित्र आहे काय? या प्रश्नाचे उत्तर विनयातच मिळते. जीवकाने अर्पण केलेले उत्तम वस्त्र तथागतांनी स्वीकारले आणि गृहस्थांनी दिलेली चीवरे घेण्याची भिक्खूंना अनुमती दिली. देवदत्ताने पाच मागण्या केल्या. त्यांपैकी एक, भिक्खूंनी आजन्म पंसुकूलच वापरावे, ही होती. तथागतांनी ती नाकारली. ज्याला इच्छा असेल त्याने पंसुकूल धारण करावे, ज्याला इच्छा असेल त्याने गृहस्थांचे चीवर घ्यावे, असा त्यांचा निर्णय होता. महाकस्सपाने पंसुकूल निवडले म्हणून ते आदरणीय ठरले. निवडीचा अधिकार काढून घेतला की त्याच चिंधीचा अर्थ पालटतो.

आपल्या देशात हा अधिकार हजारो वर्षे काढून घेतला गेला होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे परिधान करावीत असा दंडक आहे. स्मशानातील वस्त्र भिक्खूनेही वापरले. परंतु त्याच्यामागे त्याची स्वतःची इच्छा होती. चांडाळाच्या माथी ते शास्त्राने मारले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाकून देण्याचा व स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. वस्त्राचा प्रश्न हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या; धर्माने दारिद्र्याला पवित्र मानता कामा नये, ही त्यांपैकी एक आहे.

ही कसोटी लावून बोरोकडे पाहिले पाहिजे. सुती कापडाला मनाई करणारा हुकूम अन्यायाचा होता; बोरोचे सौंदर्य त्या अन्यायाचे समर्थन करू शकत नाही. तसेच त्या अन्यायामुळे ठिगळ लावणाऱ्या स्त्रीची बुद्धी, तिची रंगांची जाण व तिचे श्रम यांचे मोल कमी होत नाही. दारिद्र्याचे गोडवे गाणे ही एक चूक आणि दारिद्र्यात निर्माण झालेल्या कलेची लाज बाळगणे ही दुसरी चूक. दोन्ही टाळणे हाच मध्यम मार्ग होय.

आपल्या घरांतील गोधड्यांना हेच लागू पडते. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर देऊन आया-आज्यांनी शिवलेल्या गोधड्या बाजारातील ब्लँकेटे आल्यावर अडगळीत गेल्या. अनेक घरांत त्या गरिबीची आठवण म्हणून टाकून दिल्या गेल्या. ज्या उरल्या आहेत त्यांच्याकडे अभ्यासाच्या दृष्टीने पाहण्याची आता वेळ आली आहे. तानाकाने आओमोरीत जे केले ते आपल्या विहारांतूनही करता येईल. गोधडी कोणी शिवली, कोणत्या गावी, कोणत्या साली, तिच्यातील कोणते कापड कोणाच्या अंगावरचे होते, एवढी माहिती वृद्ध स्त्रियांना विचारून लिहून ठेवावी. त्यासाठी पैसा लागत नाही. ज्या स्त्रियांच्या हातांची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, त्यांचा इतिहास या टाक्यांमध्ये आहे. तो वाचणाऱ्यांच्या हयातीतच लिहून घेतला गेला पाहिजे.